मदत हवी आहे: चिनी काढ्याच्या चाचणीत प्लासिबोबद्दल (तुलनेसाठी दिलेल्या नकली औषधाबद्दल) रुग्णाला किती सांगायचं?

नमस्कार मंडळी,

मी नानजिंगमध्ये पारंपरिक चिनी वैद्यकात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. प्रबंधासाठी गुडघ्याच्या संधिवातावर 'फांग-जी ह्वांग-छी थांग' या काढ्याची चाचणी घ्यायची आहे. एथिक्स कमिटीने प्रस्ताव परत पाठवलाय.

पहिली हरकत सुरक्षिततेची. सरांचं म्हणणं, हा झांग झोंगजिंग या प्राचीन चिनी वैद्याचा १८०० वर्षांपूर्वीचा पाठ (औषधाची कृती) आहे, वेगळा पुरावा कशाला? मला हे पटत नाही. ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या औषधात फांग-जीच्या (या काढ्यातल्या मुळीच्या) जागी ग्वांग फांग-जी ही नावाने सारखी पण विषारी मुळी गेली. १९९३ मध्ये ते उघडकीला आलं, तोवर कितीतरी बायकांची मूत्रपिंडं खराब झाली होती. पाठ जुना असेल, पण दुकानातून आलेली मुळी तीच कशावरून? प्रत्येक खेप अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लासाठी (त्या विषारी मुळीतलं, मूत्रपिंड खराब करणारं द्रव्य) तपासून घेईन, असं मी लिहून दिलंय. हा मुद्दा मिटेल.

अडलंय ते प्लासिबोपाशी. इथली माणसं लहानपणापासून काढे पीत आलेली. आपल्याकडे अडुळशाचा काढा म्हणून कुणी रंगीत पाणी दिलं तर पहिल्याच घोटाला कळेल ना, तसंच. म्हणून प्लासिबोत मूळ काढ्याचा दहावा हिस्सा घालायचा, म्हणजे वास आणि कडवटपणा येतो. अशी पद्धत इथे रूढ आहे.

पण मग संमतीपत्रात काय लिहू? 'औषध नसलेला काढा' म्हटलं तर ते खोटं. 'थोडं औषध आहे' म्हटलं तर आजीआजोबा समजतील की थोडा तरी गुण येणारच. त्यात प्लासिबोला चिनीत जो शब्द आहे, त्याचा अर्थच 'दिलासा देणारं औषध'! दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला तो शब्द वाचून काय वाटेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आयुर्वेदाच्या चाचण्यांत काढ्याचा प्लासिबो कुणी वापरलाय का? कमिटीवर काम केलेलं कुणी असेल तर सांगा, दहाव्या हिश्श्याचा उल्लेख तुम्ही कोणत्या शब्दांत मान्य केलात? आणि प्लासिबो गटाला १२ आठवड्यांनंतर खरा काढा मोफत द्यायचं मी ठरवलंय; हे संमतीपत्रात आधीच सांगितलं तर ते आमिष ठरतं का?

मसुद्यातला तो परिच्छेद मराठीत करून खाली प्रतिसादात टाकते. शब्दाशब्दावर बोट ठेवलंत तरी चालेल.