ठळक अक्षरांसाठी बी टॅग की स्ट्राँग?

दिंडोरीकर:
मावसभावाच्या कृषी सेवा केंद्रासाठी द्राक्षाच्या रोगांची वेबपानं एचटीएमएलमध्ये बनवतोय. औषधांची नावं ठळक, रोगांची शास्त्रीय नावं तिरकी, फवारणीचे इशारे पुन्हा ठळक. बी लावा नाहीतर स्ट्राँग, क्रोममध्ये दिसायला काडीचा फरक नाही. मित्र म्हणतो, ठळकचा बी आणि तिरक्याचा आय हे टॅग आता बाद झालेत. त्यांच्या जागी सगळीकडे स्ट्राँग आणि ईएम कर. फाइंड-रिप्लेस मारू का?

सातपूर_नाइटशिफ्ट:
भाऊ, थांबा! बाद झाले ते फॉन्ट, सेंटर, बिग. बी आणि आय एचटीएमएल ५ मध्ये (२०१४) टिकले, फक्त त्यांचं काम नीट ठरवून दिलं.

औषधाचं नाव नजरेत भरावं म्हणून ठळक केलंय ना? मग बी. ‘काढणीच्या तोंडावर फवारू नका’ हे चुकलं तर माल परत येईल, ते स्ट्राँग. डावणी रोगाच्या बुरशीचं प्लास्मोपारा व्हिटिकोला हे नाव आय मध्ये, सोबत लँग (मजकुराची भाषा सांगणारा गुणधर्म) लावून लॅटिन सांगा.

ईएम फक्त बोलताना जोर पडतो तिथे. भुरी हाही द्राक्षाचा रोग. ‘भुरीला पसरायला पानावर पाणी लागत नाही’ यात ‘भुरीला’वर जोर दिला, तर डावणीला लागतं हे न बोलता कळतं. ‘पाणी’वर दिला तर वाचणारा विचारेल, मग काय लागतं? असा जोर पानभर दोन-तीनदा आला तरी पुष्कळ.

आणि ते तिरकं प्रकरण मराठीत जपून. बहुतेक देवनागरी फॉन्टना इटॅलिक नसतंच, ब्राउझर अक्षरं ओढून वाकडी करतो. वेलांट्या बघवत नाहीत. सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते ठरवणारे नियम) ईएमचा तिरकेपणा काढून वजन, म्हणजे ठळकपणा, ६०० करा. टॅग तोच राहू द्या.

पंचवटी४२२००३:
वरचं पटलं, पण स्ट्राँग लावला की स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आवाज चढवतो असं समजू नका. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मूळ सेटिंगमध्ये ठळक-बिळक काही सांगत नाही. इशारा असेल तर ‘इशारा:’ असं शब्दातच लिहा. त्याहून मोठा घोळ म्हणजे ठळक परिच्छेदाला मथळा समजणं. स्क्रीन रीडरमध्ये एच की दाबून मथळ्यामथळ्यावर उडी मारणाऱ्याला तो सापडतच नाही. ‘डावणी’, ‘भुरी’ हे एच२ (मथळ्याचा टॅग) केलेत का?

दिंडोरीकर:
नाही हो, तेही बीच आहेत, फॉन्ट साइज वाढवून. आधी ते करतो. औषधांच्या तक्त्यात डावीकडच्या नावांना टीएच (तक्त्यातल्या शीर्षकाचा टॅग) लावला तर बी काढू ना?

सातपूर_नाइटशिफ्ट:
काढा. टीएच मुळातच ठळक दिसतो. स्कोप रो तेवढं लिहा, म्हणजे ते शीर्षक त्या आडव्या ओळीचं आहे हे कळतं.