‘कम्युनिटी एंगेजमेंट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : एका वास्तुविशारदाच्या कारकिर्दीचा परिचय मराठीत लिहिताना ‘कोलॅबोरेटिव्ह मास्टरप्लॅनिंग’ (रहिवाशांसोबत बसून परिसराचा संपूर्ण आराखडा करणे) आणि ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ (रहिवाशांना त्या कामात सामील करून घेणे) या दोन संज्ञांपाशी अडलो आहे. ‘सहयोगी बृहत् आराखडा’ आणि ‘समुदाय गुंतवणूक’ असे पर्याय सुचवले गेले. दुसरा वाचून रहिवाशांनी पैसे घातले, असाच समज होईल.

उत्तर १ : ‘गुंतवणूक’ बादच करावा. ‘लोकसहभाग’ रुळलेला आहे, पण त्यातही एक मेख आहे. ‘लोकसहभागातून बंधारा बांधला’ असे आपण म्हणतो, तेव्हा लोकांनी वर्गणी दिली किंवा श्रमदान केले, हे अभिप्रेत असते. बंधारा कुठे असावा हे त्यांनी ठरवले, असे त्यातून निघत नाही. नियोजनात मात्र सगळा प्रश्न ठरवण्याचाच असतो. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यात सल्लामसलत चौथ्या पायरीवर, भागीदारी सहाव्या आणि नागरिकांचे नियंत्रण सर्वांत वर आहे. तयार नकाशा भिंतीवर लावून खाली अभिप्रायाची वही ठेवणे ही फार तर सल्लामसलत झाली. पुठ्ठ्याची घरे रहिवाशांच्या हाती देऊन ‘रस्ता इथून नको, तिथून न्या’ असे त्यांनाच मांडू देणे आणि त्याप्रमाणे रेषा बदलणे, याला ‘निर्णयातील लोकसहभाग’ म्हणावे.

उत्तर २ : ‘सहयोगी’ हे विशेषणही इथे फसवे आहे. ‘सहयोगी प्राध्यापक’ या पदनामामुळे त्याला दुय्यमपणाचा वास लागला आहे, शिवाय सहयोग आराखड्यात नसतो, आराखडा करण्याच्या रीतीत असतो. ‘विकास आराखडा’ हा शब्द संपूर्ण शहराच्या वैधानिक आराखड्यासाठी राखून ठेवावा. एखाद्या वसाहतीच्या वा विद्यापीठ परिसराच्या मास्टरप्लॅनसाठी ‘समग्र आराखडा’ पुरेसा आहे.

उत्तर ३ : याच व्यवसायात ‘शारेट’ हा शब्दही भेटेल. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ गाडा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल द बोझार या कलाशाळेत विद्यार्थ्यांची रेखाटने गोळा करायला गाडा फिरे आणि तो येईपर्यंत शेवटचे फटकारे चालत, असे सांगतात. आज वास्तुविशारद, अधिकारी आणि रहिवासी यांनी काही दिवस एकत्र बसून आराखडा काढणे, या अर्थाने तो रूढ आहे. ‘कार्यशाळा’ म्हटले की आपल्याला भाषणे आणि चहापानच आठवते, म्हणून मी ‘आराखडा-शिबिर’ पसंत करीन.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मूळ मजकूर पुन्हा तपासला. तीन प्रकल्पांपैकी एकातच रहिवाशांच्या सांगण्यावरून आराखडा बदलल्याची नोंद आहे; तिथे ‘रहिवाशांसह समग्र आराखडा तयार केला’ असे लिहितो. उरलेल्या दोन ठिकाणी ‘रहिवाशांची मते मागवली’ एवढेच लिहितो, जरी इंग्रजीत तिन्हींसाठी एकच भारदस्त शब्द वापरलेला असला तरी.