बफेलो सेबर्स: अ‍ॅलेक्स टकशी करार आत्ताच करावा (चाहत्यांच्या मंचावरची चर्चा, उन्हाळा २०२५)

मिसिसागाकर

एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा, २०२५-२६ हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतोय. त्याआधी सेबर्सच्या व्यवस्थापनाने दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण अ‍ॅलेक्स टकशी नवा करार करून टाकावा, असं माझं ठाम मत आहे. त्याचा सध्याचा करार पुढच्या उन्हाळ्यात संपतो. त्यानंतर तो कुठेही जायला मोकळा.

जे हा संघ पाहत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. सेबर्स प्लेऑफमध्ये शेवटचे खेळले २०११ मध्ये. तेव्हापासून सलग १४ हंगाम बाहेर. एनएचएलच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच संघाच्या वाट्याला आलेला नाही. गेल्या हंगामात ७९ गुण, आणि मध्येच सलग १३ सामने एकही विजय नाही. टोरांटोच्या आसपास राहणारे आपल्यातले कितीतरी जण लीफ्सचं, म्हणजे टोरांटोच्या संघाचं, तिकीट परवडत नाही म्हणून पीस ब्रिजवरून सीमा ओलांडून बफेलोला जायला लागले आणि तिथेच जीव गुंतवून बसले. मी त्यातलाच.

लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते, तिला कॅप म्हणतात. यंदा ती ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे. त्यामुळे एकाला जास्त दिले की दुसऱ्याला कमी पडतात, मालक कितीही श्रीमंत असो.

आता फॉरवर्ड्सकडे येतो. गेल्या काही वर्षांत या संघाने पैसे कशावर मोजले? नुकत्याच संपलेल्या हंगामातल्या गोलांवर. जेफ स्किनरने २०१८-१९ मध्ये संघाचा तेव्हाचा स्टार जॅक आयकेलच्या बाजूला खेळून ४० गोल केले. लगेच जूनमध्ये त्याला ८ वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर दिले. पुढच्याच हंगामात तो आयकेलच्या लाइनवरून (एकत्र खेळणाऱ्या तीन फॉरवर्ड्सच्या गटातून) खाली गेला आणि १४ गोलांवर थांबला. त्याच्या पुढच्या हंगामात ७ गोल, आणि कोच राल्फ क्रूगरने त्याला सलग तीन सामने बाहेर बसवलं. वर्षाला ९० लाख घेणारा माणूस सूट घालून वर बसून मॅच बघत होता! डिलन कझन्सचं तेच. २०२२-२३ चा हंगाम अर्धा झाला असताना ७ वर्षांचा करार, वर्षाला ७१ लाख. त्या हंगामात ३१ गोल, पुढच्यात १८. मार्च २०२५ मध्ये ओटावाला रवाना.

याच्या उलट सॅम राइनहार्ट. दोन्ही बाजूंनी खेळणारा, नेटसमोर पाय रोवून उभा राहणारा, डोकं शांत. त्याच्याशी मात्र आधी दोन वर्षांचा तात्पुरता करार, मग एका वर्षाचा. भरवसा ठेवायची पाळी आली तेव्हा हात आखडता. २०२१ मध्ये तो फ्लोरिडाला गेला, २०२३-२४ मध्ये त्याने ५७ गोल केले आणि दोन स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद) जिंकले. २०२५ च्या फायनलच्या शेवटच्या सामन्यात चार गोल त्याचेच.

टक हा राइनहार्टच्या जातकुळीचा खेळाडू आहे. गेल्या हंगामात ३६ गोल, पेनल्टी किलवर (आपला एक खेळाडू कमी असताना) खेळतो, शॉट अंगावर घेतो, आणि पगार फक्त ४७.५ लाख. शिवाय सिराक्यूजजवळचा, लहानपणापासून याच संघाचा चाहता. तोही हातचा घालवायचा का?

निळी रेघ

असहमत. टक चांगला आहे यात वाद नाही, पण रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे असा हा प्रकार आहे.

२०२२-२३ मध्ये या संघाने २९६ गोल केले. अख्ख्या लीगमध्ये तिसरा क्रमांक. आणि प्लेऑफ चुकला एका गुणाने. का? जवळपास तितकेच गोल खाल्ले म्हणून. गेल्या हंगामात गोली (गोलरक्षक) लुकोनेनने शंभर शॉटमागे ८९ सुद्धा अडवले नाहीत. ज्या घराचं छप्पर गळतंय तिथे दिवाणखान्याला रंग कसला देताय? फॉरवर्ड्सवर आणखी एक मोठा करार करण्यापेक्षा एक अनुभवी गोली आणि एक जुना-जाणता डिफेन्समन आणा.

आणि वयाचं काय? मे २०२६ मध्ये टक तिशीत जाईल. या संघाचा इतिहास बघा. व्हिले लेनो २०११ मध्ये, वय २७, सहा वर्षांचा करार, तीन वर्षांत बायआउट, म्हणजे पैसे देऊन करार मोडला. काइल ओकपोसो २०१६ मध्ये, वय २८, सात वर्षांचे ४ कोटी २० लाख. माणूस सोन्यासारखा, कॅप्टनही झाला, पण ६० लाखांच्या मानाने गोल कधीच आले नाहीत. स्किनर २७. आता तुम्ही तिशीतल्या माणसाला आठ वर्षं द्या म्हणता.

मिसिसागाकर

आठ वर्षं द्या असं मी कुठेही लिहिलेलं नाही. सहा द्या. हवं तर सात.

छपराबद्दल. गोल खाल्ले जातात ते फक्त गोलीमुळे आणि डिफेन्समुळे, हेच मला मान्य नाही. सेबर्सने खाल्लेला ठरावीक साच्याचा गोल आठवा. डिफेन्समन आपल्या कोपऱ्यातून बोर्डला (रिंकच्या कडेच्या भिंतीला) लागून पक (खेळायची रबरी चकती) वर देतो. तिथे विंगरने (कडेच्या फॉरवर्डने) थांबून, पाठीवर धक्का सोसून तो पक निळ्या रेषेबाहेर, म्हणजे आपल्या बचाव क्षेत्राबाहेर, काढायचा असतो. आपला विंगर मात्र ब्रेकअवेच्या (एकट्याने गोलीवर धावून जायच्या) आशेने आधीच दोन पावलं पुढे सटकलेला असतो. समोरचा डिफेन्समन आत घुसून पक अडवतो, एक पास मधोमध जातो आणि लुकोनेनसमोर माणूस एकटा. टीव्हीवर रिप्ले दाखवतात तो शॉटपासून, त्यामुळे नाव गोलीचं खराब होतं. आता टक त्या जागी असताना बघा. तो बोर्डला पाठ लावून उभा राहतो, एवढा उंच माणूस गुडघ्यात वाकून पक स्केटने अडवतो, आणि बाहेर काढल्यावरच पळतो. ही सवय या संघात तीन-चार जणांनाच आहे.

डिफेन्सवर खर्च होत नाही असंही नाही. डालीन १ कोटी १० लाख, ओवेन पॉवर ८३.५ लाख, बायरम ६२.५ लाख. आणखी किती?

हिशेबनीस

एक आकडा अजून कुणी मांडलेला नाही, तो मांडतो.

स्किनरला ३० जून २०२४ रोजी बायआउट केलं. म्हणजे राहिलेल्या पगाराचे दोन तृतीयांश देऊन करार मोडला, पण कॅपवरचा बोजा सहा हंगाम राहतो, आणि तो सारखा नाही. २०२४-२५ मध्ये १४.४ लाख. यंदा ४४.४ लाख. पुढच्या हंगामात ६४.४ लाख. मग तीन हंगाम २४.४ लाख.

सगळ्यात जड हप्ता २०२६-२७ चा आहे. टकचा नवा करार सुरू होईल तो नेमका याच हंगामात. संघात नसलेल्या फॉरवर्डला ६४ लाख मोजत असताना असलेल्या फॉरवर्डचा पगार दुप्पट करायचा आहे.

दुसरी बाजूही सांगतो. कॅप वाढतेय. २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख जाहीर झाली आहे, म्हणजे यंदापेक्षा ८५ लाख जास्त. पैसे बसतात. पण ही वाढ बत्तीसही संघांना मिळणार आहे, आणि जुलैमध्ये टक मोकळा झाला तर निम्म्या लीगच्या खिशात त्याच्यासाठी रक्कम असेल. म्हणून करार करायचा तर आत्ता, हे मला पटतं. जितका उशीर तितका भाव चढा.

शिवाय लीग आणि खेळाडू संघटनेच्या नव्या सामूहिक करारानुसार सप्टेंबर २०२६ पासून स्वतःच्या खेळाडूलाही सात वर्षांपेक्षा जास्त देता येणार नाही. त्याच्या आत आठ देण्याची सवलत हा सेबर्सच्या हातातला एकमेव हुकमी पत्ता आहे. वर्ष वाढवून दरसालचा आकडा खाली आणता येतो. मिसिसागाकर सहा म्हणतात, मी आठ म्हणेन, पण ९० लाखांच्या आत.

रोचेस्टरवाली

मी या सगळ्यांच्या विरुद्ध बोलणार आहे. टकला ठेवूच नका, विका. आत्ता त्याच्या बदल्यात उत्तम काही मिळेल.

इथे रोचेस्टरमध्ये सेबर्सचा दुय्यम संघ खेळतो, अमेरिकन्स. यिरी कुलिचला मी दोन हंगाम इथेच पाहिलंय. त्याचा शॉट कानाला कळतो, पकचा काठीवरचा आवाजच वेगळा. गेल्या वर्षी वर गेला आणि पहिल्याच हंगामात १५ गोल केले. झॅक बेन्सन अजून विशीत आहे आणि कोपऱ्यातला पक कुणाच्या बापाला सोडत नाही. या पोरांचे पुढचे करार कोण भरणार? प्रत्येक वेळी मधल्या वयाच्या फॉरवर्डसाठी पैसे अडकवायचे आणि पोरं मोठी झाली की त्यांना विकायचं, हेच चाललंय. केसी मिटलस्टॅट गेला. कझन्स गेला. या जूनमध्ये जेजे पेटर्का युटाला गेला, वय २३, दोन हंगामांत ५५ गोल. युटाने त्याला पाच वर्षं दिली, वर्षाला ७७ लाख. ही रक्कम बफेलोला जड होती?

निळी रेघ

पेटर्काचा ट्रेड (अदलाबदल) मला पटला होता. तुमच्याच मिसिसागाकरांच्या कसोटीवर तो नापास होतो. आपल्या झोनमध्ये त्याचं लक्ष नसायचं. बदल्यात केसलरिंग मिळाला, मोठ्या चणीचा उजव्या हाताचा डिफेन्समन, आणि जॉश डोन, मेहनती विंगर. मी वर मागितलं तेच झालं.

माझा राग कझन्सच्या ट्रेडवर आहे. त्याच्या बदल्यात जॉश नॉरिस घेतला. ३५ गोल केलेला सेंटर (मधला फॉरवर्ड), पण २०२१-२२ मध्ये. त्यानंतर खांद्याची शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. करार वर्षाला ७९.५ लाख, २०३० पर्यंत. बफेलोत आल्यावर तो हंगामात किती खेळला? तीन सामने. आणि वर दुसऱ्या फेरीचा पिकही (नवा खेळाडू निवडायचा हक्क) आपणच दिला. ओटावा मात्र त्याच वसंतात प्लेऑफमध्ये, २०१७ नंतर पहिल्यांदा.

मिसिसागाकर

रोचेस्टरवाली, पेटर्काबद्दल तुमचं दुःख मला कळतं, पण "विका" हा मंत्र या संघाने जपून झालाय. २०१८ मध्ये रायन ओरायलीला सेंट लुईसला विकलं. पुढच्याच वर्षी तो स्टॅन्ली कप आणि प्लेऑफचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी घेऊन उभा. आयकेल २०२१ मध्ये गेला, २०२३ मध्ये कप. राइनहार्टचं वर लिहिलंच आहे. ओकपोसोलाही कप मिळाला तो २०२४ मध्ये, बफेलो सोडल्यावर साडेतीन महिन्यांत. दरवेळी आपल्याला "भविष्य" मिळालं.

बदल्यात येणाऱ्यांपैकी टेज थॉम्पसन तेवढा खणखणीत निघाला, आणि तोही किती उशिरा! २०२०-२१ मध्ये ३८ सामन्यांत ८ गोल करणारा विंगर होता. कोच डॉन ग्रॅनाटोने त्याला सेंटरला खेळवलं आणि मग ३८ गोल, मग ४७. स्वतः टकही आयकेलच्या ट्रेडमध्येच आलेला. म्हणजे त्या ट्रेडमधून हाती लागलेली सर्वांत मोठी गोष्ट पुन्हा विकायची, आणि पुन्हा चार वर्षं थांबायचं.

रोचेस्टरवाली

थॉम्पसनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला सात वर्षांचे ५ कोटी दिले तेव्हा त्याच्या नावावर एकच चांगला हंगाम होता. तुमच्या म्हणण्याप्रमाणे हीच ती चूक, मागच्या हंगामाच्या गोलांवर पैसे. पण वय २४ होतं, म्हणून सत्कारणी लागले. गेल्या हंगामात ४४ गोल, मे महिन्यात अमेरिकेला जगज्जेतेपद देणारा ओव्हरटाइम गोल, आणि पगार ७१ लाख. मुद्दा गोलांचा नाही, वयाचा आहे. चोविशीत चूक झाली तरी भरून निघते. तिशीत नाही.

हिशेबनीस

कझन्सला करार मिळाला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. भरून निघाली नाही.

मिसिसागाकर

हिशेबनीस, अगदी बरोबर.

थॉम्पसनला करार देताना संघाला फक्त गोल दिसत नव्हते. दोन मीटरच्या आसपास उंचीचा माणूस, हात इतके मऊ, आणि पॉवर प्लेवर (समोरचा एक खेळाडू कमी असताना) डाव्या वर्तुळातून येणारा तो वन-टायमर (पास न थांबवता मारलेला शॉट). हे एका हंगामात येत नाही आणि एका हंगामात जातही नाही. स्किनरच्या ४० गोलांपैकी बरेच आयकेलच्या पासवर उभे होते. दोन्हींत फरक करता येत नसेल तर जनरल मॅनेजर कशाला हवा?

आणि एक गोष्ट मनाला लागलेली आहे, ती लिहितो. डिसेंबर २०२४ मध्ये, हरण्याची ती रांग चालू असताना, सेबर्सचे जनरल मॅनेजर केव्हिन अ‍ॅडम्स पत्रकारांसमोर म्हणाले की आमच्याकडे ताडाची झाडं नाहीत, कर जास्त आहेत, खेळाडू यायला तयार होत नाहीत. एखाद्या चाहत्याने म्हटलं तर ठीक. व्यवस्थापकाने म्हणायचं? बरं, खरंच कुणी यायला तयार नाही असं धरू. मग ज्या एका तीस गोलवाल्याला इथेच राहायचंय, ज्याचं घर तीन तासांच्या आत आहे, त्याला करार द्यायला वर्षभर कशाची वाट बघायची? झकरला मार्चमध्येच दोन वर्षं दिली, वय ३३. ग्रीनवेला दोन दिली. जुलैमध्ये मक्लाउडला चार, वर्षाला ५० लाख. मक्लाउड मला आवडतो, थॉम्पसनला विंगवर मोकळं सोडणारा सेंटर तोच. पण हे तिघे आधी आणि टक नंतर?

निळी रेघ

कारण त्या तिघांचे आकडे लहान आहेत आणि चुकले तरी संघ बुडत नाही. टकचा आकडा चुकला तर २०३० मध्ये आपण इथेच त्याच्या बायआउटचे हप्ते मोजत असू.

माझं म्हणणं असं: नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबा. संघ तोवर शर्यतीत असेल तर करार करा, सहा वर्षं, वर्षाला ८५ लाखांपर्यंत. नसेल तर मार्चच्या ट्रेड मुदतीआधी विका आणि बदल्यात गोली मागा, पिक नकोत.

मिसिसागाकर

नोव्हेंबरमध्ये संघ पुन्हा घसरला तर टक स्वतःच सही करणार नाही. सही मागायची तर सगळ्यांचे शून्य गुण असताना मागा. ट्रेनिंग कॅम्प सप्टेंबरमध्ये सुरू होतो, तीच शेवटची चांगली वेळ.