कलमाडी आणि पुणे

सुरेश कलमाडी म्हणजे पुण्याचे काँग्रेस खासदार आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या आयोजन समितीचे अध्यक्ष. 'कलमाडींना दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेने बुडवलं' हे अर्धंच खरं. पुण्यात पाय आधीच घसरू लागला होता. २००७ च्या महापालिका निवडणुकीनंतर राष्ट्रवादी, भाजप आणि शिवसेना एकत्र आले, तो गाजलेला 'पुणे पॅटर्न'. एकमेकांचं तोंड न पाहणारे तीन पक्ष कशासाठी? तर पालिका कलमाडींच्या हातून काढायला! त्याआधी १९९८ मध्ये काँग्रेस सोडून, भाजप-शिवसेना युतीच्या पाठिंब्यावर लोकसभेला अपक्ष लढले आणि काँग्रेसच्या विठ्ठल तुपेंकडून हरले. तरी २००४ आणि २००९ ला पुन्हा खासदार. माणूस चिवट, हे मानायलाच हवं.

हवाई दलातला वैमानिक, मग डेक्कनवरचं पूना कॉफी हाऊस, मग संजय गांधींच्या काळातली युवक काँग्रेस. मॅरेथॉन आणि पुणे फेस्टिव्हल त्यांचेच. बालेवाडीला २००८ च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धाही आल्या. (रस्ते चकाचक झाले, ते तेवढ्यापुरतेच.)

पण खरा घाव एप्रिल २०११ चा. स्विस टायमिंग कंपनीला दिल्लीच्या स्पर्धेसाठी वेळमोजणी यंत्रणेचं कंत्राट चढ्या दराने दिल्याच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली, मग तिहारमध्ये नऊएक महिने. २०१४ ला तिकीट नाही, आणि जागा भाजपच्या अनिल शिरोळेंकडे गेली. गंमत म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये ईडीचा मनी लाँडरिंग प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने स्वीकारला. तोवर कसबा-कोथरूडातली काँग्रेसची घडी पार विस्कटून गेली होती.