कापडी रक्तनळी ‘फाटते’, ‘विरते’ की ‘उसवते’?

प्रश्न

मी मोहाडी तालुक्यातल्या एका कोष्टी कुटुंबातला आहे. माझ्या मोठ्या बाबांच्या पोटातल्या महाधमनीचा फुगलेला भाग काढून तेथे पॉलिएस्टरची नळी बसवली, त्याला आता बारा वर्षे झाली. यंदाच्या तपासणीच्या इंग्रजी अहवालासोबत जो मराठी सारांश हाती आला, त्यात या नळीविषयी ‘कलम फाटत आहे’ असे वाक्य होते. मोठ्या बाबांनी चाळीस वर्षे मागावर करवती काठाची लुगडी विणली. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचले आणि मला विचारले, “उभा धागा तुटला का आडवा?” मला उत्तर देता आले नाही. कुशीवर वळलो तर नळी फाटेल या भीतीने ते दोन रात्री उताणेच पडून राहिले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांशी बोललो, तेव्हा कळले की एकही धागा तुटलेला नाही. नळी बसवली तेव्हापेक्षा थोडी रुंद झाली आहे, आणि वरचेवर मोजत राहायचे आहे.

तेव्हा विचारायचे ते हे की, अशा नळीच्या बिघाडासाठी मराठीत नेमकी क्रियापदे कोणती वापरावीत? आणि तिला ‘कलम’ म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर १

आपल्या मोठ्या बाबांनी विचारलेला प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे, कारण चूक ‘फाटणे’ या शब्दाच्याही आधी, ‘विणणे’ या शब्दापासून सुरू होते. मराठीत लुगडेही विणतात आणि स्वेटरही विणतात. या नळ्यांमध्ये मात्र हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांचे बिघडणेही वेगळे आहे. मागावरच्या विणीत ताणा (उभा धागा) आणि बाणा (आडवा धागा) एकमेकांवरून सरळ जातात, त्यामुळे नळी घट्ट राहते, फारशी पसरत नाही, पण कापलेल्या कडेला दशा सुटतात. म्हणून शल्यचिकित्सक ती कड तापवलेल्या अवजाराने वितळवून बंद करीत. सुयांवरच्या विणीत धागा फाशांमधून फिरतो. रक्ताचा दाब पडला की हे फासे ओढले जातात आणि धागा न तुटताही नळी रुंदावते. आपल्या घरी जे घडले ते बहुधा हेच. त्याला ‘सैलावणे’ किंवा ‘रुंदावणे’ म्हणावे. ‘फाटणे’ कदापि म्हणू नये.

‘विरणे’ हा शब्द मला या विषयासाठी फार मोलाचा वाटतो. नेसून नेसून धोतर विरते, म्हणजे अजून फाटलेले नसते, पण उजेडापुढे धरले की पलीकडचे दिसते. शरीरात पॉलिएस्टरच्या तंतूंचे तसेच होते. नाडी मिनिटाला सत्तर धरली तर दिवसाला सुमारे 1 लाख आणि वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा ही नळी ताणली जाते आणि सैल होते; त्यात शरीरातले पाणी तंतूच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडत असते. नायलॉनच्या नळ्या 1950च्या दशकात याच कारणाने मागे पडल्या, कारण त्यांची ताकद शरीरात फार लवकर उतरत गेली. पॉलिएस्टरही विरते, पण पुष्कळ सावकाश. ‘फाटणे’ हा त्यानंतरचा टप्पा आहे. सुयांवर विणलेल्या ज्या नळ्या वर्षांनंतर फाटल्या आणि बाहेर काढून तपासल्या गेल्या, त्यांतल्या कित्येकींत चीर लांबीच्या दिशेने गेलेली होती, आणि ती नळीला पीळ पडू नये म्हणून घातलेल्या काळ्या खुणेच्या रेघेवर किंवा कापडाच्या दोन कडा जेथे विणून जोडतात त्या रेघेवर आढळली. उभा की आडवा, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

आतून धातूची जाळी लावलेल्या ज्या नळ्या मांडीच्या धमनीतून चढवतात, त्यांच्यात तार कापडावर घासून भोक पडू शकते. तेथे ‘घासून झिजणे’ म्हणावे.

उत्तर २

मी वरुडकडचा, संत्रावाला. ‘कलम’ या शब्दावर माझा ठाम आक्षेप आहे. आम्ही जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा (कोंब फुटणारी कळी) बांधतो. काही आठवड्यांत साल सालीला धरते, पट्टी सोडली तरी डोळा पडत नाही, आणि पुढे सांधा शोधावा लागतो. ‘कलम’ म्हटले की आमच्या मनात हे एकजीव होणे येते. कापडी नळीचे तसे होते का?

उत्तर १ लिहिणाऱ्याकडून

होत नाही, आणि आपला आक्षेप शब्दापुरता नाही म्हणून तो मला पूर्ण मान्य आहे. माणसात धमनीचे आतले अस्तर जोडापासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर नळीवर सरकते आणि थांबते. नळी आणि धमनी यांचा सांधा कधीच एकजीव होत नाही. तो जन्मभर शिवणीच्या धाग्यावरच उभा असतो. हे कळायलाही काही वर्षे जावी लागली. सुरुवातीच्या काळात हे टाके रेशमाचे घालत. रेशमाची ताकद शरीरात काही वर्षांत सरली, टाके सुटले, आणि नळी धडधाकट असूनही जोडापाशी खोटा फुगा (धमनीची भिंत न फुगता बाहेर झिरपलेल्या रक्ताचा) आला. पुढे पॉलिप्रॉपिलीनसारखे टिकणारे धागे आले. या बिघाडाला मराठीत एकच शब्द शोभतो, तो म्हणजे ‘उसवणे’. कापड शाबूत आणि शिवण गेली, एवढे सगळे त्या एका क्रियापदात येते. मात्र ‘टाका’ शब्द जपून वापरावा, कारण सुईवरच्या फाशालाही टाकाच म्हणतात. अहवालात ‘जोडाचे टाके’ असे स्पष्ट लिहावे.

उत्तर ३

शासकीय लिखाणात या सगळ्यांसाठी ‘निकामी होणे’ वापरता येईल. तो शब्द औपचारिक आहे आणि कोणी घाबरणारही नाही.

प्रश्नकर्त्याकडून

‘निकामी’ म्हटले तर मोठे बाबा नळीवरचा विश्वासच सोडतील, कारण निकामी वस्तू घरात कोणी ठेवत नाही. त्यांची नळी तर आजही काम करते आहे. काल त्यांच्यापुढे बसून ‘कलम’ खोडले आणि सारांश नव्याने लिहिला: ‘पोटातील कापडी रक्तनळी सैलावली आहे. कापड विरल्याची किंवा जोडाचे टाके उसवल्याची खूण नाही. सहा महिन्यांनी पुन्हा रुंदी मोजावी.’ त्यांनी कागद हातात घेतला, ‘सैलावली’वर बोट ठेवले आणि विचारले, “सुयांवरची हाये का मंग ते?” मी हो म्हणालो. रात्री ते कुशीवर झोपले.