मदत हवी आहे: श्रीवर्धनचा जुना आंबा छाटू, तोडू की राहू देऊ?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते, पण प्रश्न गावच्या घरचा आहे. श्रीवर्धनला परसात पणजोबांनी लावलेला रायवळ आंबा आहे, खोड दोघांच्या कवेत मावत नाही, आणि घरापासून जेमतेम दहा फुटांवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आसपासच्या वाड्यांतल्या पोफळी धडाधड आडव्या झाल्या, आमचा आंबा राहिला, फक्त एक फांदी पडवीवर आली नि कौलं गेली. त्यानंतर काकांनी घाबरून शेंडाच उडवला (मला फोनसुद्धा केला नाही!) आणि आता त्या कापाखालून झुपकेच्या झुपके सरळसोट फुटवे वर गेलेत, असे फुटवे नुसते सालीलगत धरलेले असतात म्हणे, वाऱ्यात आधी तेच तुटतात. वर अंगणात पेव्हर ब्लॉक घातले तेही पार बुंध्यापर्यंत, त्यात एका बाजूची मुळं तोडली. मागच्या खेपेला बुंध्याशी भुसा दिसला, बहुतेक भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड.

काका म्हणतात तोडून टाक, आई ऐकायला तयार नाही.

पावसाआधी थोडे फुटवे विरळ केले तर चालेल का, की एकदम जास्त काढले तर झाड आणखी खचेल? ब्लॉक बुंध्यापासून किती लांब उखडू? भिरडाच्या भोकात तार घालून अळी काढायची तर पुढे काय करायचं? आणि खोड आतून पोकळ आहे का हे नीट तपासणारा माणूस त्या बाजूला कुणाच्या माहितीत आहे का, नुसता कुऱ्हाडवाला नको.