इंजिन ऑईल गळतंय, पण नेमकं कुठून?

प्रश्न
चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. रात्रभर उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तळहाताएवढा तपकिरी डाग पडतो. सिग्नलला थांबल्यावर बॉनेटमधून जळका वास येतो. मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑईल अडवणारी रिंग) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं गॅरेजमध्ये सांगितलं. त्याआधी खात्री कशी करायची?

उत्तर १
घाई करू नका. ऑईल खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. ओलं असलेलं सगळ्यात वरचं ठिकाण शोधा.

तुमच्या वर्णनातला वास महत्त्वाचा आहे. क्रँक सील खूप खाली असतं, तिथलं ऑईल गरम मॅनिफोल्डवर (इंजिनमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) सहसा पोचत नाही. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधलं पोचतं, आणि तेच मागून उतरून गिअरबॉक्सच्या सांध्यावर येतं.

थंड इंजिन डिग्रीझरने धुवा; अल्टरनेटर आणि कनेक्टर आधी झाका. कोरडं झालं की दहा मिनिटं जागेवर चालवून टॉर्चने बघा, मग १५-२० किमी फिरवून पुन्हा. जास्त फिरवलंत तर सगळंच ओलं होऊन माग पुसला जातो. टॅपेट कव्हर, कॅम सील (कॅमशाफ्टच्या टोकाचं), ऑईल प्रेशर स्विच, फिल्टर, शेवटी चेंबर (तळाची ऑईलची टाकी) आणि ड्रेन बोल्ट असं वरून खाली या. फिल्टर नुकताच बदलला असेल तर जुनी रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली नाही ना, तेही बघा.

उत्तर २
धुऊनही कळलं नाही तर ऑईलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) टाका (प्रमाण बाटलीवर असतं), गाडी फिरवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा. गळतीचा माग पिवळसर हिरवा चमकतो.

क्रँक सीलसाठी बेल हाउसिंगचं (इंजिनला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाचं) तपासणी झाकण असेल तर ते उघडा. आत कोरडं, बाहेर ओलं म्हणजे ऑईल वरून येतंय. आतल्या ऑईलला गंधकासारखा वास असेल तर ते गिअर ऑईल, म्हणजे सील गिअरबॉक्सचं. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच.

प्रश्नकर्ता
धुऊन बघितलं. टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा ओला, झाकणाच्या आत कोरडं. बोल्ट आवळून भागेल का?

उत्तर १
नाही. रबर कडक झालं की आवळून बसत नाही, उलट कव्हर वाकतं. पॅकिंग बदला, प्लगच्या नळ्यांची सीलंही बदला. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, दोन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळा. हे बोल्ट बारीक असतात, बऱ्याच गाड्यांत ८-१० न्यूटन मीटरच पुरतं. सिलंट मॅन्युअल सांगेल त्या सांध्यांवरच, तोही थेंबभर. जादाचा आत पडून चेंबरमधली जाळी तुंबवतो.

त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साचणारा वायू बाहेर काढणारा) तपासा. इंजिन आयडलला ठेवून ऑईलचं झाकण काढा, तोंडावर पातळ प्लास्टिक धरा. हलकंसं आत ओढलं गेलं तर ठीक. फुगलं तर व्हॉल्व्ह तुंबलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, आणि त्या दाबाने नवं पॅकिंगही गळेल. काम होईपर्यंत डिपस्टिक बघत राहा. मॅनिफोल्डवरून धूर दिसला तर गाडी बंद ठेवा.